प्रकाशे ते शहादे, कापसाच्या गाडीवरून

दोन कादंबऱ्या साभार परत आल्या, नाटक कंपनीवाल्यानं हसून वाटेला लावलं आणि मुद्रितं तपासायची नोकरीही गेली. असा लेखक पुण्यात दिसला की जो तो त्याला सल्ला देतो. मला एका मासिकाच्या संपादकांनी दिला: पश्चिम खानदेशाचं झकास प्रवासवर्णन आणा, उपसंपादकाची खुर्ची तुमची. हे गृहस्थ स्वतः खडकीच्या पलीकडे गेलेले नव्हते. बायको म्हणाली, ही जागा हुकली तर निमूटपणे मामांच्या पेढीवर कारकुनी धरायची आणि लिहिणं बंद. मी कबूल झालो.

आता माझी हुशारी ऐका. निघण्याआधीच मी घरबसल्या वर्णन लिहून मोकळा झालो. सातपुडा हिरवागार, तापी खळाळती, शेताशेतात नाचणाऱ्या भिल्लकन्या आणि झाडागणिक एक मोर. खानदेशात जायचं ते फक्त गावांची नावं भरायला.

तुम्हाला जायचं असेल तर जळगावला गाडी बदलून नंदुरबारला उतरा. स्टेशनाबाहेरच्या खाणावळीत दादर ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत चार आण्यांत पोटभर मिळतं. चहाच्या वाटेला जाऊ नका, ते नुसतं गूळपाणी. पुढची सर्व्हिस मोटार भरल्याशिवाय हलत नाही, आणि टपावर माणसं चढली तरी ती भरली असं चालकाला वाटत नाही. प्रकाश्याला जायला तापी होडीनं ओलांडावी लागते. माझी खळाळती तापी फाल्गुनात वाळूतून अंग चोरून चालली होती, आणि होडी दोनदा रुतली. सातपुडा तर दूर उत्तरेला धुळीत पुसट दिसत होता.

प्रकाश्याहून शहाद्याला निघालेल्या दगाजी आप्पांनी मला कापसाच्या गाडीवर चढवून घेतलं. साठीचे शेतकरी, कापसाची सरकी काढून घ्यायला जिनात चालले होते. हातातले कागद कसले म्हणून त्यांनी विचारलं. तुमच्या मुलखाचं वर्णन आहे, म्हणालो, आणि मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. आप्पा शेवटपर्यंत ऐकत होते. मग बैलांचा कासरा जरा सैल सोडून म्हणाले,

"भाऊ, हाई गाव कोठे शे? साठ वरीस मी आठेच ऱ्हायनू, माले ते कधी दिखनं नही."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त झोंबलं. त्यांना खरंच ते गाव पाहायचं होतं. बाया नाचतात तर निंदणी कधी करतात, हेही त्यांनी विचारून घेतलं. मी लाजेनं मेलो. एवढी वर्षं संपादकांना गाढव म्हणत होतो, आणि त्यांना आवडेल तोच चारा मी कापत बसलो होतो!

शहाद्यात जिनाच्या आवारात, ओळीनं थांबलेल्या गाड्यांच्या सावलीत मी कोरे कागद काढले. आप्पांचा नंबर लागेपर्यंत डोळ्यांना दिसलं तेवढं लिहिलं: नाकातोंडात जाणारे कापसाचे तंतू, आप्पांच्या भेगाळलेल्या बोटांना लागलेलं रक्त, त्यांचे दोन बैल.

पुण्यात तेच संपादकांपुढे ठेवलं. त्यांनी चाळून विचारलं, "मोर कुठे आहेत?" खुर्ची त्यांच्या मेहुण्याला मिळाली. तो मोर भरपूर घालतो.

मी आता दहा वाजता मामांच्या पेढीवर जातो. बायकोला दिलेला शब्द पाळला, लिहिणं बंद. फक्त त्या वर्णनाची एक नक्कल प्रकाश्याच्या शाळामास्तरांच्या पत्त्यावर धाडली होती, आप्पांना वाचून दाखवा म्हणून. परवा कार्ड आलं. अक्षर मास्तरांचं होतं, बोलणं आप्पांचं:

"गाव आमनंच शे. पन उजवा बैल तांबडा शे, तुम्ही धवळा लिखेल शे. तेवढं सुधारी ल्या."

बायकोनं ते कार्ड दोनदा वाचलं. मग फळीवरची दौत काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मग सुधारा की."