वायरमनच्या घरचा अँटेना

वायरमनने एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली. वादळात तार तुटली की हा गडी कमरेला पट्टा बांधून वर. निवृत्त झाल्यावरही गल्ली त्यांना ‘खांबवाले’च म्हणायची. इतक्या वर्षांत खांबावरून कधी पाय सरकला नाही, पण दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर ते आपटले आणि खुबा मोडला. ते स्वतः ही गोष्ट हसत सांगायचे. त्यांच्या बायकोला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

परवाच्या वाऱ्यात छपरावरचा जुना अँटेना मोडून पडला आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या.

“नवा आणू. मीच बसवतो,” खांबवाले म्हणाले, आणि बायकोची नजर त्यांच्या खुब्याकडे गेली.

दुकानात ती मुद्दाम बरोबर गेली. टेबलावर ठेवायचा एक इवलासा अँटेना तिने हातात घेतला. “हा नाही का चालणार?”

“टीव्हीचा मनोरा किती लांब आहे?” दुकानदाराने विचारलं.

“पूर्वेच्या टेकडीवर. बारा-तेरा किलोमीटर,” खांबवाले म्हणाले.

“मग याच्यावर मुंग्या काही हटायच्या नाहीत. हा लांब दांडीचा, आडव्या काड्यांचा न्या. छपरावर उत्तम. घर कौलारू असेल तर माळ्यावरही चालून जाईल. पत्रा असला तर नाही.”

“आमचं कौलारूच आहे!” ती घाईघाईने म्हणाली.

“अँटेना म्हणजे काय जुनी गादी आहे, माळ्यावर टाकायला?” खांबवाल्यांनी विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी तिला शिवलेले पडदे एका गिऱ्हाइकाकडे पोचवायचे होते. निघताना तिने बजावलं, “मी येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. माणूस बोलावू.”

“बरं,” ते म्हणाले. तो ‘बरं’ तिला काही बरा वाटला नाही.

परत येताना कोपऱ्यावरूनच तिला दिसलं. शेजारच्या रंगाऱ्याची शिडी भिंतीला लावलेली. शिडीखाली चपला. छपरावर कुणी नाही.

हातातली पिशवी तिथेच टाकून ती पळत सुटली. घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेली. तिथेही कुणी नाही. “अहो!” तिचा आवाज चिरकला.

“अगं, ओरडतेस काय? आधी टीव्ही लाव!”

आवाज घरातून आला, माळ्यावरून. ती आत आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. माळ्याच्या लाकडी जिन्याच्या तोंडाशी खांबवाल्यांचं डोकं दिसत होतं, केसांत कोळिष्टकं.

“टीव्ही गेला खड्ड्यात! खाली या आधी!”

“मुंग्या गेल्या का तेवढं सांग.”

तिने बटण दाबलं. मुंग्या. वर खुडबुड झाली. “थोडा टेकडीकडे वळवा,” ती म्हणाली. आणि एकदम बातम्या देणारी बाई समोर आली. तिच्या कानातले खडेसुद्धा मोजता येत होते.

“आलं! आलं हो!” ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

खांबवाले कठड्याला धरून हळूहळू उतरले. केसांतली कोळिष्टकं झटकली. मग म्हणाले, “शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय लटपटले. माझे! तसाच उतरलो, चपला घालायचंही सुचलं नाही.”

दिलेला शब्द मोडल्याबद्दल चार शब्द सुनावायचे तिच्या ओठावर आले होते. पण तिला आठवल्या त्या सगळ्या संध्याकाळी, जेव्हा हे खांबावर असायचे आणि तिचे कान यांच्या सायकलच्या घंटीकडे लागलेले असायचे. कधी बोलली नव्हती. आज बोलली.

“एकतीस वर्षं रोज?” त्यांनी विचारलं.

“सुट्टीचे दिवस सोडून.”

तेवढ्यात रंगारी शिडी न्यायला आला. “काय खांबवाले, जमलं का वर?”

ती सावरून घ्यायला तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, “नाही बुवा. भीती वाटली. माळ्यावर बसवला.”

“भीती?” रंगारी पायरीवर टेकला. “मी तर बावीस वर्षं खाली न बघता रंग देतोय. कुणाला सांगू नका.”

तिघंही पोट धरून हसले. मग कोपऱ्यावर टाकलेली पिशवी आणायला खांबवाले स्वतः निघाले, आणि ती चहा ठेवायला आत गेली.