शिंगांऐवजी पिवळं हेल्मेट

बाबा प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्तीच्या समारंभात प्रत्येक वक्त्याने त्यांना आधारस्तंभ म्हटलं, हार घातला आणि जेवणाची रांग गाठली. बाबांनी मात्र ते मनावर घेतलं असावं. स्मृती नगरच्या घरी आल्यापासून ते व्हरांड्यात खांबासारखेच बसू लागले. काही विचारलं तर ‘हाव’, नाहीतर ‘नाही’. आई म्हणायची, “गेटपाससोबत आवाजही जमा करून आले वाट्टे.”

उपाय सुचवला पुण्याला नोकरी करणाऱ्या दादाने. कॉलेजात असताना तो एक ऑनलाइन खेळ खेळायचा. किल्ले, तलवारी, राक्षस, असं सगळं. त्याचं खातं अजून जिवंत होतं. “बाबाले बसव ना त्याच्यावर,” तो मला म्हणाला. “फोनवर तर ते बोलतच नाही. मी माझ्यासाठी नवं खातं काढतो. तिथं भेटू.”

मी बाबांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. दादाचा योद्धा पडद्यावर आला. डोक्यावर सोन्याचा टोप आणि त्याला हातभर लांब शिंगं. त्या खेळातली बडी मंडळी हाच टोप घालून चौकात उभी असायची आणि काहीही करत नसायची. समारंभात मंचाच्या आसपास अशी माणसं असतातच.

बाबांनी एकदा पाहिलं आणि उठले. “हे काय घालून ठेवलं डोक्यावर? शिंग कुठं अटकलं तर मान जाईन ना! माझ्या गेटमधून हा आत नसता गेला.”

निवृत्तीनंतरचं त्यांचं हे सर्वांत लांब बोलणं होतं. मी ते गंभीरपणे घेतलं.

अशा खेळात एक सोय असते. तुम्ही कोणती वस्तू घातली आहे एवढंच सर्व्हरला ठाऊक असतं. ती दिसते कशी, हे ज्याच्या-त्याच्या कॉम्प्युटरमधल्या फाईली ठरवतात. मी टोपाची फाईल शोधली आणि तिच्या जागी, त्याच नावाने, साध्या हेल्मेटच्या आकाराची फाईल ठेवली. पहिल्या प्रयत्नात हेल्मेट डोक्यापासून वीतभर वर तरंगत राहिलं. दुसऱ्यात ते हनुवटीखाली लटकलं. शेवटी नीट बसलं, तेव्हा दारामागे टांगलेल्या बाबांच्या जुन्या पिवळ्या हेल्मेटचे फोटो काढून, ओरखड्यांसकट, त्यावर चढवले.

बाबा पुन्हा खुर्चीत बसले. “पट्टा?”

पट्टाही लावला.

त्या संध्याकाळी दादा आणि बाबा एका दरीतून सोबत चालले. दादा स्पीकरवरून सांगत होता, राक्षसाला मारा. बाबा विचारत होते, या पुलाला कठडा कावून नाही? पण बोलत होते.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. फाईल बदलली की तो टोप घातलेला प्रत्येक माणूस बाबांच्या पडद्यावर पिवळ्या हेल्मेटात दिसणार. त्यामुळे चौकातली सगळी मातब्बर मंडळी त्यांना ड्यूटीवर निघालेली शिफ्ट वाटली. “हे शिकलेले लोक आहेत,” ते समाधानाने म्हणाले. काळजी वाटली ती नवख्यांची, कारण ते बोडक्या डोक्याने फिरत. बाबा दरीच्या तोंडाशी आडवे उभे राहत आणि एका बोटाने टाइप करत: “बेटा, पहले हेलमेट.”

त्या पोरांना काय दिसत असेल? सोन्याच्या शिंगांचा एक धिप्पाड वीर, जो कुणाशी लढत नाही, फक्त टोपी घालायला सांगतो. पण बाबा त्यांना खरंच टोपी कुठे मिळते ते दाखवायला घेऊन जात. हळूहळू पोरंच त्यांना शोधत येऊ लागली. आई चहा ठेवत म्हणायची, “पेन्शन घेऊन ड्यूटी करून राहिले.” बाबा म्हणायचे, “इथं ॲक्सिडेंट लय होतात.”

मग खेळाचं अपडेट आलं आणि सगळ्या फाईली मूळ रूपात आल्या. बाबांनी संध्याकाळी खेळ उघडला तर डोक्यावर शिंगं. चौकातल्या सगळ्यांच्या डोक्यावर शिंगं.

“म्हणजे पोरायले मी इतके दिवस असाच दिसत होतो?”

“हाव बाबा.”

“अन् कोणी हासलं नाही?”

“हासले असतील. पण आले ना तुमच्या मागं.”

त्यांची नजर व्हरांड्याकडे गेली. मी घाईने म्हटलं, “पुन्हा बदलून देते.”

“खेळाच्या कंपनीले चालते का हे?”

“नाही चालत.”

“मग आधी कावून नाही सांगितलं?”

“तुमी विचारलं कुठं? पट्ट्याचंच विचारलं.”

“राहू दे मग आता तसंच,” ते म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवून उठले.

तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली. कातड्याची नवी टोपी घातलेलं एक पोरगं दरीशी उभं होतं. “अंकल, हेलमेट मिल गया. अब अंदर जाऊँ?”

बाबांनी उभ्यानेच वाचलं. मग बसले. एक बोट की-बोर्डवर फिरू लागलं: “रुको. मैं आगे चलता हूँ.”

दरीच्या आत एक पडका दरवाजा आहे. शिंगं त्याला अडत नाहीत, आरपार जातात. मी ते बाबांना सांगितलंही. पण अजूनही त्या दरवाजाशी आलं की ते बटण दाबून योद्ध्याला खाली वाकवतात, आणि मागून येणारी पोरंही एकामागून एक वाकतात.