सुपाची पळी

सिव्हिल लाइन्समधल्या त्या सरकारी बंगल्यात साहेब किती आले नि किती बदलून गेले, बटलर मात्र एकच, देवराव. बासष्ट साली तो तिथे भांडी घासायला लागला. पांढरा कोट चढवून टेबलापर्यंत पोचायला त्याला चांगली आठ वर्षं लागली. उगाच नाही, बरं का! छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातला पोरगा, आणि बंगल्यात एक मेमसाहेब अशा की त्यांना त्याच्या हातचं पाणी चालायचं नाही. त्यांची बदली होईस्तोवर हा मागे भांड्यांशीच झटत राहिला. म्हणून टेबलावर वाढायचं काम म्हणजे देवरावचा जीव की प्राण.

आणि चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात नेमका उजवा हात थरथरायला लागला. कपबशी वाजू नये म्हणून तो बशीवर रुमालाची घडी ठेवू लागला. सुपाचं भांडं अर्धंच भरून नेऊ लागला. बायको सत्यवती रोज डोकं खाई, "सायबाले सांगून टाका नं जी. धंतोलीच्या डाक्टरले दाखवू."

"अन् मंग? टेबलावरून काढून मागं बसवतीन मले!"

विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस आले. साहेबांकडे दुपारी मंत्री जेवायला येणार होते. सकाळी देवरावच्या कोटाची बटणंसुद्धा सत्यवतीनं लावून दिली.

भांडं डाव्या हातावर, पळी उजव्या हातात. तिथे सोंग चालत नाही. पहिला पाहुणा निभला, दुसराही. मंत्र्यांपाशी वाकला आणि पळी काठावर टणटण वाजायला लागली. टेबलावरचं बोलणंच थांबलं. देवराव घामाघूम. अरे हाता, मेल्या, आजच काय झालं तुला!

तेवढ्यात साहेब उठले. माणूस देवमाणूस, खोटं कशाला बोलू. हसत म्हणाले, "द्या देवराव, आज मी वाढतो." भांडं आणि पळी त्यांनी अलगद घेतली. मंत्रीही हसले, पुन्हा गप्पा सुरू झाल्या. साहेबांना वाटलं, आपण देवरावची लाज राखली.

देवराव भिंतीशी उभा राहिला. रिकामे हात कुठे ठेवावेत, त्याला कळेना.

क्वार्टरवर आला तर सत्यवती दारातच. "सांडलं काय जी?"

"नाही वं. एक थेंब नाही सांडला." आणि कोट न काढताच खाटेवर बसून तो ढसाढसा रडायला लागला.

"मंग रडून काहून राहिले?"

"माह्या हातातून भांडं घेतलं वं सायबानं. सगळ्यायच्या समोर."