बरा झालेला गुडघा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझं सगळं तिला माहीत आहे असं ती समजते, आणि मीही समजू देतो. तुम्हाला सांगतो — कारण तुम्ही नामदेवला ओळखत नाही.

नामदेव माझा जोडीदार. भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे आम्ही. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा ठेकेदाराकडे खलाशी म्हणून लागलो. खलाशी म्हणजे समुद्रावरचे नव्हेत हो, लोखंड उचलणारे. जाड लाकडी बल्लीला साखळीनं गर्डर टांगायचा आणि दोघांनी दोन टोकांना खांदा द्यायचा. मुकादम उंची बघून जोड्या लावायचा, कारण एक उंच आणि एक बुटका झाला की साखळी बुटक्याकडे सरकते आणि सगळं वजन त्याच्यावर येतं. आमची उंची अशी जुळायची की एकाचा सदरा दुसऱ्याला बसे.

एका पावसाळ्यात माझा पाय चिखलात रुतला. अंग वळलं, गुडघा वळला नाही. डॉक्टरांनी पाय इकडून तिकडून हलवून पाहिला. म्हणाले, आतली दोरी ताणली आहे, तुटलेली नाही. कापायची गरज नाही. पट्टा बांधा, आराम करा, मग व्यायाम. मला मोठं नवल वाटलं. गुडघ्यात दोरी? आणि ती आपली आपण कशी भरून येते? खाटेवर पडल्या पडल्या मी गुडघ्याकडे असा बघत बसायचो, जसं चुलीवरच्या दुधाकडे बघावं. सूज उतरली, वाटीच्या बाजूचा खळगा पुन्हा दिसू लागला. नामदेव कामावरून आला की फडक्यात गुंडाळलेली वीट माझ्या पावलाला बांधायचा आणि पाय सरळ ठेवून उचलायला लावायचा. पाय थरथरायचा. मी चिडायचो.

"घाई कावून करून राहिला बावा? मी हावो न कामावर," तो म्हणायचा. दवाखान्यात जाताना त्याच्याच खांद्यावर हात टाकून जायचो.

पुढे मला हलकं काम मिळालं. पत्र्याच्या खोलीत स्टुलावर बसून मजुरांना नट आवळायचे पाने, साखळ्या, दोर देणं-घेणं.

एक दिवस शेजारच्या बकरीनं दोरीवर वाळणारा माझा पायजमा पळवला. मी धावलो. झोपड्यांमागून, नाल्यावरून उडी मारून — पायजमा हिसकावला, आणि मग आठवलं की आपण लंगडतो. तिथंच उकिडवा बसलो. उठलो. पुन्हा बसलो. एवढं मोठं काम आतल्या आत झालं आणि मला पत्ताच नाही! खोटं कशाला सांगू, मी नाचलो. साक्षीला ती बकरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा बांधला आणि लंगडत कामावर गेलो.

का? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, भीती होती — दोरी पुन्हा ताणली असती तर? नाही. भीती नव्हती. खोलीत सावली होती, आणि लोक मला बाबू म्हणायचे. बाबू! आमच्या घराण्यात कुणाला कुणी बाबू म्हटलं नव्हतं.

त्या खोलीच्या खिडकीतून नामदेव दिसायचा. त्याला दिलेला नवा जोडीदार त्याच्याहून वीतभर उंच. साखळी घसरत घसरत नामदेवकडे यायची. आणि मी बघायचो — हे सांगताना जीभ जड होते — कुतूहलानं बघायचो, आज कुठपर्यंत घसरते ते. संध्याकाळी तो उजवा खांदा चोळत यायचा आणि आधी माझ्या पावलाला वीट बांधायचा. मी पाय उचलायचो. मुद्दाम थरथरवायचो.

मग कारखान्यात पक्की भरती निघाली. ठेकेदाराचं काम संपत आलं होतं. यात घेतलं तर राहायचं, नाहीतर गावी जायचं. तपासणीत डॉक्टर म्हणाले, बसा, उठा. मी चटकन बसलो, चटकन उठलो. पास. माझ्या आधी आत गेलेल्या नामदेवचा उजवा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. तो बाहेर झाडाखाली बसला होता. त्याला पाहिलं आणि मी दारातूनच लंगडायला लागलो.

"तुयं झालं न?" त्यानं विचारलं. मी मान डोलावली. "बरं झालं बावा. मले तुयाच गुडघ्याची काळजी होती."

त्याला दुर्ग स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार होती. त्याच्या डाव्या खांद्यावर पत्र्याची पेटी. पुलापाशी तो थांबला, आणि उजवा खांदा माझ्याकडे केला.

"धर मले. समोर पायऱ्या हायेत."

मी त्या खांद्यावर हात ठेवला. भार दिला. वरपर्यंत.