सहा ओळींचं कारण

मंडळी, आज हरले.

खराडीच्या ऑफिसात आम्ही एक डेटाबेस बनवतो. तो माहिती कॉलमनिहाय साठवतो. डिस्कवर लिहिणारा त्याचा जुना कोड नीट लावायचं काम पाच आठवडे माझ्याकडे आहे. त्यात सहा ओळी अगदीच निरर्थक दिसत होत्या. वर कॉमेंट होती: ‘काढू नका. कारण आहे.’

कारण मात्र लिहिलेलं नव्हतं. मी काढल्या. सगळ्या टेस्ट पास झाल्या.

आज सकाळी एका जुन्या ग्राहकाच्या फायली नव्या कोडने परत लिहून उघडल्या, तर तारखांच्या कॉलममध्ये नुसता कचरा.

त्या ओळी लिहिणारे सर आता निवृत्त झालेत, बिबवेवाडीत असतात. फोन केला.

“अहो, कारण होतं एवढं नक्की,” ते म्हणाले. “काय होतं, ते आता नाही आठवत. चालत होतं ना? मग हात कशाला लावलात?”

ओळी परत टाकल्या. माझी सगळी मांडणी त्या ओळींशिवाय बेतलेली होती, त्यामुळे पाच आठवडे पाण्यात.

कॉमेंटखाली कारण लिहायला बसले. तासभर स्क्रीनकडे बघितलं. शेवटी लिहिलं: ‘खरंच काढू नका.’

काही वर्षांनी कोणीतरी नवी मुलगी मलाही फोन करेल. तिला मी काय सांगू?