अर्धा तास संसार, व्हाया पवई

रस्ता वाहता असला की किस्से होत नाहीत. ते साठतात अडकलेल्या रस्त्यावर, आणि आमचा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड त्या बाबतीत भलताच श्रीमंत आहे. आमची ऑफिसची बस साडेपाचला अंधेरीहून निघते. मुलुंडला कधी पोचेल, ते आमचे ड्रायव्हर पाटीलमामाही सांगत नाहीत.

मला मात्र सातला पोचायचं असतं. लग्नाला चार महिने झालेत. निलेशची रात्रपाळी, तो साडेसातला घर सोडतो. सकाळी तो यायच्या आत मी निघालेली असते. म्हणजे सातला पोचले तर अर्धा तास संसार. गेल्या महिन्यात तो तीनदा झाला.

*

बसमधल्या माझ्या पहिल्या दिवशी शेजारच्या सीटवरच्या कांबळेमॅडम मांडीवर ताट घेऊन लसूण सोलायला बसल्या. मी विचारलं, "किती वेळ लागतो हो?"

"आज सोमवार. पाव किलो," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी अर्धा आणते."

*

स्टोअरचे सावंतकाका एकदा पवईच्या ट्रॅफिकमध्ये चहा प्यायला उतरले, आणि परत येताना पुढच्याच पांढऱ्या बसमध्ये चढून झोपले. ती दुसऱ्या कंपनीची. वीस मिनिटांनी कुणीतरी हलवून उठवलं. काका उतरून आले, तर आमची बस तिथंच.

मामा म्हणाले, "राहायचं ना तिकडेच. लवकर पोचला असता."

"लवकर कसला! पण एसी चालू होता."

*

एकदा मी धीर करून म्हटलं, "मेट्रो झाली की सुटेल ना हे सगळं?"

सगळी बस माझ्याकडे दयेने बघायला लागली.

"अगं, याच सीटवर माझं डोहाळजेवण केलं होतं यांनी," कांबळेमॅडम म्हणाल्या. "तेव्हाही हेच म्हणायचे सगळे. पोरगी आता तिसरीत आहे."

*

परवा ऑफिसात ट्रॅडिशनल डे होता. निदान आज तरी सातला पोचू म्हणून मी सकाळपासून साडी सांभाळत होते. आठ वाजले तरी आम्ही पवईतच. निलेशचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"पवई. तू?"

"मी पण पवई. अगं, उजवीकडे बघ."

मेट्रोच्या कामाचे पत्रे जिथं संपतात, तिथं दुभाजकापलीकडे त्याची अंधेरीला जाणारी बस उभी होती. खिडकीत तो. मधे जेमतेम दहा पावलं, पण हॉर्नच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून एकमेकांकडे बघत फोनवरच बोलत राहिलो.

"साडी नवीन घेतलीस?"

"लग्नात आहेरात आलेली आहे रे. तीनदा नेसून झाली. तू आज बघतोयस."

कांबळेमॅडमचे हात लसणावर थांबले.

तेवढ्यात आमच्या पुढची लाइन सुटली. मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला. पाटीलमामांनी आरशात माझ्याकडे एकदा पाहिलं, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि मागच्या रिक्षावाल्याला खिडकीतून ओरडून सांगितलं, "बंद पडली रे. टाइम लागेल."

आणि दुभाजकापलीकडची लाइन सुटली.