ग्रुपवर लिहिलेली माझी ओळख

वडिलांना विसर पडू लागला तेव्हा दिंडोरीची द्राक्षबाग भावाकडे सोपवून आम्ही त्यांना नाशिकला आमच्या घरी आणलं. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो. अशा आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांचा फेसबुकवर एक ग्रुप आहे, त्यात दीडेक वर्षानं एका मित्रानं मला घातलं. नवीन माणसानं आधी आपली ओळख लिहायची, असा तिथला रिवाज.

एका दुपारी लिहायला बसलो. बागेतलं बालपण, शाळेची पायपीट, नोकरीतल्या बदल्या, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘आता वडिलांची सेवा हेच माझं आयुष्य. सकाळी ते छाटणीला म्हणून निघतात, चपला शोधतात. मी त्यांच्या हातात कात्री देतो, अंगणातल्या जास्वंदीपाशी नेतो. चार फांद्या कापल्या की शांत होतात.’

कात्री माझी बायको द्यायची. मी त्या वेळी गोदाकाठी फिरायला गेलेलो असायचो. ‘मी’ लिहिताना बोट जरा थांबलं होतं, हे मला पक्कं आठवतं. तरी लिहिलं.

संध्याकाळपर्यंत कौतुकाची रीघ लागली. ‘असा मुलगा सगळ्यांना मिळो,’ असं कुणीतरी लिहिलं. बायकोला वाचून दाखवावं म्हणून हाक मारणार, तोच ती चहा घेऊन आली.

“वाचलं मी,” ती म्हणाली.

“तू? कुठं?”

“अहो, मी आहे त्या ग्रुपवर. वर्ष होऊन गेलं.”

आवाजात राग नव्हता. ती आत गेल्यावर मी तिनं लिहिलेली ओळख शोधून काढली. चारच ओळी. सासऱ्यांना सांभाळते, कधीकधी चिडते, मग फार वाईट वाटतं. आणि शेवटी, ‘मिस्टरांची खूप मदत होते.’

खोटं तिनंही लिहिलं होतं, पण मला सांभाळून घ्यायला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच पोस्टखाली खरं काय ते लिहिलं. “आता कशाला हे?” ती म्हणाली. लोकांनी लिहिलं, ‘कबूल करायला मोठं मन लागतं.’ म्हणजे कौतुक पुन्हा माझंच. फक्त एका बाईंनी विचारलं होतं, ‘वहिनी कशा आहेत?’

मला उत्तर माहीत नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि तिला विचारलं.

“बरी आहे की,” ती म्हणाली. मग गॅस बारीक करत म्हणाली, “गुडघा दुखतो जिना चढताना. उन्हाळ्यापासून.”